जुन्या चांदीवर नवी अक्षरे : पेकिंगच्या ‘घोडेस्वार पदका’चा व्यवहार

दुसऱ्या महायुद्धापूर्वी चीनमध्ये तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांची अनधिकृत पदके सध्या चढ्या भावाने विकली जात आहेत. त्यांतील एका प्रकारात माझी फसवणूक झाली. तशीच पदके अजूनही बाजारात येत असल्यामुळे, ती विकत घेण्याच्या विचारात असलेल्या मराठी संग्राहकांसाठी, विशेषतः माझ्याप्रमाणे अमेरिकेत राहून हा छंद जोपासणाऱ्यांसाठी, हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

आपल्याकडील संग्राहकाला चीनशी संबंधित पदक म्हटले की प्रथम आठवते ते १९०० च्या, बॉक्सर बंडाविरुद्धच्या मोहिमेचे ब्रिटिश पदक. त्या मोहिमेत मुंबई इलाख्याच्या पलटणीही गेल्या होत्या. शिपायांना चांदीचे आणि सोबतच्या बिनलढाऊ माणसांना कांस्याचे पदक मिळाले होते. पदकाच्या कडेवर नाव आणि पलटण उमटवलेली असते व ती सरकारी पदकपटाशी, म्हणजे पदक मिळालेल्यांच्या यादीशी, ताडून पाहता येते. मुंबईच्या चोरबाजारातून घेतलेल्या पदकाचीही अशी तपासणी शक्य असते. अनधिकृत पदकाला हा आधारच नसतो. टिएन्ट्सिनमध्ये (आजचे टिआन्जिन) १९१२ ते १९३८ या काळात असलेली अमेरिकी लष्कराची पंधरावी इन्फन्ट्री म्हणजे पायदळ, शांघायमध्ये १९२७ ते १९४१ या काळात असलेली मरीनांची, म्हणजे नौदलाशी जोडलेल्या अमेरिकी सैनिकांची, चौथी रेजिमेंट आणि १९०५ पासून पेकिंगच्या (आजचे बीजिंग) अमेरिकी वकिलातीचा पहारा सांभाळणारे मरीन, या सर्वांमध्ये नेमबाजी, मुष्टियुद्ध, फुटबॉल, घोडेस्वारी यांच्या स्पर्धा सतत चालत, आणि त्यांची बक्षिसे तेथल्याच चिनी सोनारांकडून चांदीत घडवून घेतली जात. एखादा अधिकारी आपल्या तुकडीसाठी आठवणीचे पदकही पाडून घेई. यांपैकी कशालाही सरकारी आदेशाचे पाठबळ नव्हते. त्यामुळे ‘याची नोंद कोठेही नाही’ हे वाक्य इतरत्र संशयाचे कारण ठरते, तर या क्षेत्रात तेच विक्रीचे वाक्य ठरते, आणि फसवणुकीचा सगळा डोलारा त्याच वाक्यावर उभा राहतो.

मला विकले गेलेले पदक चांदीचे व गोल होते. पुढच्या बाजूला उठावदार ड्रॅगन, मागे सोनाराचा ठसा आणि त्याखाली कोरलेला इंग्रजी मजकूर होता. त्या मजकुराचा अर्थ असा : अमेरिकन एम्बसी गार्ड (राजदूतावासाचा पहारा), पेकिंग, १९३१, घोडेस्वार तुकडी, आणि त्याखाली एका सैनिकाचे नाव. पेकिंगच्या मरीनांमध्ये मंगोलियन तट्टांवर बसणारी एक लहानशी घोडेस्वार तुकडी खरोखरच होती आणि ‘हॉर्स मरीन’ या नावाने ती संग्राहकांमध्ये फार प्रसिद्ध आहे. मोजकी माणसे, आकर्षक छायाचित्रे आणि वस्तूंची टंचाई, असा तिचा लौकिक असल्यामुळे तिच्या नावाने काहीही आले तरी त्याची किंमत आपोआप वाढते. तुकडीच्या अधिकाऱ्याने स्वखर्चाने डझनभरच पदके करवून घेतली होती, असे विक्रेत्याचे म्हणणे होते.

विक्रेत्याने पदक एकटे विकले नाही, याची मुद्दाम नोंद घ्यावी. त्यासोबत छायाचित्रांचा एक अल्बम होता, टंकलिखित प्रशस्तिपत्र होते आणि सैनिकाच्या नातवाचे म्हणून एक पत्र होते. अल्बम अस्सल होता, परंतु त्यातून काहीच सिद्ध होत नव्हते. पेकिंगमधील छायाचित्रकार नगरवेशी, उंटांचे तांडे, लामा मंदिर, संचलन अशा चित्रांचे संच छापून सैनिकांना विकत असत आणि तीच चित्रे आज असंख्य कुटुंबांच्या अल्बमांत सापडतात. अल्बममध्ये पदकावरचे नाव एकदाही नव्हते. मी सैनिकाची सेवानोंद मागितली, तेव्हा विक्रेत्याने सांगितले की १९७३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईसच्या, सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत ती जळून गेली. ती आग खरी आहे आणि तिच्यात लक्षावधी फायली नष्ट झाल्या हेही खरे आहे. अर्धे खरे सांगण्याची ही पद्धत संपूर्ण खोटेपणापेक्षा अधिक परिणामकारक असते, कारण पडताळणी करणारा माणूस आग लागल्याची खात्री करून घेतो आणि तेथेच थांबतो. त्या आगीत जळाल्या त्या प्रामुख्याने लष्कराच्या आणि हवाई दलाच्या फायली. मरीन आणि नौदल यांच्या फायलींना झळ पोचली नव्हती. पंधराव्या इन्फन्ट्रीच्या सैनिकाबद्दल हे कारण पटण्यासारखे ठरले असते. मरीनाच्या बाबतीत ते सरळसरळ खोटे होते.

पुरावा म्हणून त्याने आणखी एक गोष्ट पुढे केली होती आणि ती मला सर्वांत घातक वाटते. याच नमुन्याची दोन पदके पूर्वी लिलावात विकली गेली असल्याचे दाखवणारी, छायाचित्रांसह वर्णने त्याने पाठवली होती. ती वर्णने बनावट नव्हती. विक्री खरोखरच झाली होती. ती दोन्ही पदके लिलावात देणारा माणूस हाच होता, हे मला पुढे त्यांतील एका खरेदीदाराशी झालेल्या पत्रव्यवहारातून कळले. अधिकृत यादी नसलेल्या क्षेत्रात लिलावांची जुनी वर्णने हाच संदर्भग्रंथ होऊन बसतो, आणि त्या ग्रंथात स्वतःच दोन पाने घालून तिसऱ्या गिऱ्हाइकाला ती वाचायला देणे मुळीच अवघड नसते. पहिल्या दोन विक्री कमी किमतीत झाल्या होत्या, याचेही कारण त्यावरून समजते.

‘दुसरे गिऱ्हाईक उद्या येणार आहे’ हा ठरलेला दबाव आला, त्याबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही. पैसे पाठवताना मात्र त्याने खरेदीचा पर्याय न निवडता ओळखीच्या माणसाला रक्कम पाठवण्याचा पर्याय निवडण्यास सांगितले आणि वाचलेले शुल्क किमतीतून वजा केले. त्या पर्यायाला खरेदीदाराचे संरक्षण लागू होत नाही. सवलत थोड्या डॉलरांची होती आणि धोक्यात आलेली रक्कम अकराशे डॉलरांची.

पदक हाती आल्यावरची तपासणी सांगतो. जवाहिऱ्याकडील क्ष-किरण यंत्रावर चांदी सुमारे ९० टक्के निघाली, म्हणजे त्या काळच्या चिनी निर्यातीच्या चांदीला साजेशी. सोनाराच्या ठशात रोमन अक्षरे आणि चिनी लिपी दोन्ही होती आणि ठसाही खरा वाटला. पदक ओतीव नव्हते. खऱ्या पदकावरून साचा काढून ओतलेल्या नकलेवर बारीक खड्डे पडतात, अक्षरांच्या कडा बोथट होतात, कडेवर जोडाची रेघ राहते आणि धातू आकसल्यामुळे व्यास मुळापेक्षा किंचित कमी भरतो. यातले काहीही येथे नव्हते. नकली पदक ओळखण्याचे जे धडे सर्वत्र दिले जातात ते सगळे हे पदक उत्तीर्ण झाले, कारण पदक नकली नव्हतेच. कोणत्यातरी स्पर्धेचे, मागची बाजू कोरी राहिलेले ते जुने बक्षीस होते. अशी कोरी बक्षिसे चांदीच्या भावाहून थोड्या अधिक दराने मिळतात. बनावट होता तो केवळ त्यावरचा मजकूर.

हे भिंगाखाली दिसते. नव्वद वर्षे पेटीत, खिशात, खणात वावरलेल्या चांदीवर बारीक ओरखड्यांचे जाळे असते. मजकूर जुना असेल तर ते ओरखडे अक्षरांवरूनही गेलेले दिसतात आणि अक्षरांच्या कडा झिजून गोलसर झालेल्या असतात. येथे प्रत्येक ओरखडा अक्षराच्या कडेपाशी तुटत होता आणि पलीकडच्या कडेपासून पुन्हा सुरू होत होता, म्हणजे ओरखडा आधीचा आणि अक्षर नंतरचे होते. खाचांत काळपट रंग भरलेला होता. तो सुईच्या टोकाने सुटून आला आणि त्याखाली चकचकीत धातू दिसला. अंधारात अतिनील दिवा धरला तेव्हा फितीचे टाके आणि प्रशस्तिपत्राचा कागद दोन्ही निळसर उजळले. कागदाला आणि धाग्याला असा उजाळा देणारी रसायने १९४० नंतरच्या काळात सर्रास वापरात आली. पदकाची फीत पुढे कधीतरी बदललेली असू शकते, शिवाय आधुनिक साबणाने धुतलेली जुनी फीतही उजळते, म्हणून फितीवरून निष्कर्ष काढू नये. १९३१ ची तारीख मिरवणाऱ्या कागदाला मात्र तसा बचाव उरत नाही.

मजकुरातली चूक यांहूनही ठळक होती. १९३१ मध्ये पेकिंगमध्ये अमेरिकेची एम्बसी नव्हती, लिगेशन म्हणजे खालच्या दर्जाची वकिलात होती. तिला एम्बसीचा दर्जा १९३५ मध्ये मिळाला. चीनची राजधानी १९२८ मध्ये नानकिंगला (आजचे नानजिंग) गेली तेव्हा शहराचे नावही पेइपिंग झाले होते. जुने नाव लोकांच्या तोंडी राहिले, त्यामुळे ‘पेकिंग’ हा शब्द एकवेळ चालवून घेता येईल, परंतु लिगेशनच्या पहाऱ्यावरील अधिकारी स्वतःच्या तुकडीचे नाव चार वर्षे आधीच बदलून कोरून घेईल, हे संभवत नाही. शांघायच्या वस्तूंनाही अशीच कसोटी लावता येते. तेथील रेजिमेंटचे ‘फोर्थ रेजिमेंट’ हे नाव बदलून ‘फोर्थ मरीन्स’ १९३० मध्ये झाले, म्हणून १९२७ च्या वस्तूवर दुसरे नाव दिसले तर थांबून विचार करावा. चिनी मजकूर असल्यास एखाद्या जाणकाराला जरूर दाखवावा. युद्धपूर्व काळात आडवा मजकूर सामान्यतः उजवीकडून डावीकडे लिहीत, आणि ड्रॅगनसाठीचे चिन्ह सोळा रेघांचे असे. आजचे पाच रेघांचे सुटसुटीत रूप चीनने १९५६ नंतर अधिकृत केले. शांघाय नगरपालिकेने १९३७ च्या आणीबाणीतील सेवेसाठी दिलेले आठ टोकांचे कांस्य पदक नावाशिवायच दिले जात असे, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण त्यावर नाव कोरून किंमत वाढवलेले नमुने दाखवले जातात.

राहता राहिला सैनिक. मरीन कोअरचे मासिक हजेरीपट जतन झालेले आहेत आणि आता ते संगणकावर शोधता येतात. पदकावरचे नाव त्यांत सापडले. माणूस खरा होता आणि पेकिंगला नेमणुकीवर होता हेही खरे होते. परंतु तो तेथे पोचला १९३४ मध्ये, आणि १९३१ च्या हजेरीत त्याचे नाव व्हर्जिनियातील क्वांटिको येथील तळावर होते. नाव उचलताना विक्रेत्याने वर्षाकडे लक्ष दिले नव्हते.

हे सर्व मी सविस्तर लिहून, छायाचित्रांसह विक्रेत्याला पाठवले आणि रक्कम परत मागितली. त्याने आधी निम्मी रक्कम देऊ केली, नंतर पदक आपणही विश्वासानेच घेतले होते असे कळवले आणि त्यानंतर उत्तरे देणे बंद केले. पैसे पाठवण्याची सोय देणाऱ्या कंपनीने निवडलेल्या पर्यायाकडे बोट दाखवले, आणि त्यात तिचे काही चुकले नाही. दोन्ही लिलावांच्या चालकांना मी पुरावे दिले. एकाने जुने वर्णन काढून टाकले, दुसऱ्याचे अजून तसेच आहे.

त्यानंतरच्या वर्षी निराळ्या नावाने एक विक्रेता तसेच पदक घेऊन आला. त्यावर ‘लिगेशन गार्ड, पेइपिंग, १९३४’ असे बिनचूक कोरलेले होते आणि नावही त्या वर्षीच्या हजेरीपटात बसणारे होते. माझे पत्र कोणाच्या उपयोगी पडले हे तेव्हा कळले. इतिहासाच्या चुका आता त्याने दुरुस्त केल्या आहेत, त्यामुळे यापुढे येणाऱ्या पदकांवर त्या आढळतीलच असे नाही. मी विक्रेत्याकडून मागच्या बाजूची, तिरप्या प्रकाशातली मोठी छायाचित्रे मागवली. ओरखडे अजूनही अक्षरांच्या कडेला येऊन तुटत होते.