माझीच चूक मला विकली गेली

वंशावळ शोधून देतो म्हणणाऱ्या एका माणसाने मला फसवलं, त्याला आता दोन वर्षं होतील. पैसे गेले ते गेले. पण त्याने दिलेलं खोटं मी स्वतःच्या हाताने किती घरांत पोचवलं, ते अजून निस्तरतोय, म्हणून हे लिहितोय.

वडील गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना आजीची वही हाती लागली. पणजोबांपर्यंतची नावं, जन्माची वर्षं, कोण कुठल्या तापाने गेलं तेसुद्धा. त्याच्या मागे कोरं पान. त्या कोऱ्या पानाने मला झपाटलं म्हणा ना. रोज रात्री नेटवर आडनाव टाकून शोधत बसायचो. त्यातूनच हा 'संशोधक' भेटला. बोलणं गोड, घाई अजिबात नाही. म्हणाला, "तुमच्याकडे जे आहे ते आधी सगळं पाठवा, म्हणजे दुबार काम नको." मला ते फार व्यावसायिक वाटलं. एका रात्रीत अख्खी वही टाइप करून पाठवली.

तीन आठवड्यांनी पहिला अहवाल आला. अलीकडच्या चार पिढ्या 'जुन्या नोंदवहीत सापडल्या' होत्या आणि सगळं वहीशी तंतोतंत जुळत होतं. जुळणारच! पण तेव्हा मी हरखून गेलो आणि पुढचा हप्ता भरला. मग पिढ्या भराभर मागे जाऊ लागल्या. सातव्या पिढीला एक नामांकित सेनापती निघाला. मूळ नोंद मागितली तर फोटो आला: पिवळट पान, कडा कापलेल्या, कोपऱ्यात तपकिरी डाग. कुठल्या दप्तरखान्यातलं, कितवा खंड, कितवं पान, काही नाही. "मूळ कागदाला हात लावू देत नाहीत," एवढंच उत्तर.

मी ती वंशावळ छापून फ्रेम केली. नातेवाइकांना वाटली. नेटवरच्या वंशवृक्षातही चढवली.

पकडलं ते आत्याने. भिंग घेऊन बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "अरे, माझ्या आजोबांत आणि थोरल्या आत्यात अकराच वर्षांचं अंतर? हा तिचा बाप आहे की भाऊ?"

घरी येऊन वही उघडली. पणजोबांच्या जन्मवर्षाचे शेवटचे दोन आकडे 89. माझ्या टाइप केलेल्या फाइलमध्ये 98. आकडे उलटे पडले होते, झोपेत टाइप केलं की व्हायचं तेच. आणि शंभर वर्षांहून जुन्या म्हणवणाऱ्या त्या नोंदवहीत, शाईने लिहिलेलं, 98. मी किती तरी वेळ ते तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडून बसलो होतो.

मग बाकीचंही दिसायला लागलं. चाळीस वर्षांच्या नोंदी, पण अक्षर एकाच माणसाचं, एकाच दमात लिहिल्यासारखं. शाई सगळीकडे सारखीच गडद.

तरी मन मानेना. नेटवर शोधलं तर तीच साखळी आणखी चार वंशवृक्षांत दिसली, आणि खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं. पाच ठिकाणी आहे म्हणजे खरंच असेल! नंतर त्या कधी चढवल्या ते पाहिलं. चारही माझ्यानंतरच्या. चौघांतही 98. पाच साक्षीदार कसले, माझाच आवाज चार खोल्यांतून परत येत होता.

हा धंदा जुना आहे, हे मागाहून वाचलं. गुस्ताव अंजू (1863–1942) नावाचा मूळचा स्वीडिश माणूस अमेरिकेतल्या श्रीमंतांना वंशावळी बनवून विकायचा. खऱ्या कागदपत्रांचे खरे दाखले भरपूर द्यायचा, आणि त्यांच्या गर्दीत एखादी बनावट कडी घुसवायचा. ती कडी धरून गिऱ्हाईक मोठ्या घराण्यात जाऊन बसायचं. त्याच्या वंशावळी अजूनही उतरवून घेतल्या जातात. फ्रान्समध्ये तर व्रँ-द्‌नी ल्यूकाने मिशेल शाल या मोठ्या गणितज्ञाला हजारो बनावट पत्रं विकली. त्यात क्लिओपात्राचं सीझरला पत्र होतं, तेही फ्रेंचमध्ये! ल्यूकाला 1870 मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. शालसारखा माणूस फसतो तिथे माझी काय कथा, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

खरं तर सेनापतीची हाव धरायचं कारणच नव्हतं. दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा 1,024 होतात, वीस पिढ्यांना 10,48,576. एवढ्यांत एखादा थोर निघेलही. पण मधली प्रत्येक कडी कशावरून जोडली, हे विचारायचं राहून गेलं. नाव एक म्हणजे माणूस एक, असं धरून चालणं तर आणखी सोपं. एकाच नावाचे दोन चुलतभाऊ आमच्याच वहीत आहेत.

आता कुणी असं काम देणार असेल तर मी एवढंच म्हणतो: हातची सगळी माहिती देऊ नका. एखादं लग्नाचं वर्ष, एखाद्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव मागे ठेवा. खरा शोधणारा ते आपणहून काढेल, निदान जवळपास तरी पोचेल. आणि दप्तर, खंड, पान सांगितल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. सांगितलं तर ती नोंद स्वतः, परस्पर मागवून बघा. ज्याने दाखला दिला त्याच्याकडूनच त्याची नक्कल घेण्यात काय अर्थ?

त्या चारपैकी दोघांनी ती साखळी काढून टाकली. एकाचं उत्तरच नाही. चौथा माझा चुलतभाऊ, त्याने दिवाणखान्यात फ्रेम लावली आहे. "राहू दे रे, भिंतीवर छान दिसतं," म्हणाला. मी वैतागून म्हटलं, निदान ते 98 चं 89 तरी करून घे. तो लगेच तयार झाला. फोन ठेवला आणि लक्षात आलं, तेवढं दुरुस्त झालं की पुढे कुणा आत्याला ते पकडता येणार नाही. पुन्हा फोन लावला आणि म्हटलं, नको, आहे तसंच असू दे.