चादरीच्या दुकानाची साईट: विक्स, शॉपिफाय, वर्डप्रेस सगळं वापरून झाल्यावर

सोलापूरच्या चाटी गल्लीत आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे, साईटचं सगळं मीच बघते. गेल्या लग्नसराईच्या आधीपासून आत्तापर्यंत विक्स, शॉपिफाय, गुगल साईट्स आणि वर्डप्रेस ही साईट बनवायची सॉफ्टवेअर आलटून पालटून वापरली आणि आता वर्डप्रेसवर थांबलेय. कुठलं घेऊ म्हणून कोणी विचारलं तर मी आधी उलट विचारते, तुमच्या साईटवरचा रेट कोण बदलणार? साईट बनवायची एकदाच असते ओ. सुताचा भाव हलला की जेकार्ड चादरीचा (विणीतच नक्षी असलेल्या) रेट बदलतो, डबलचा वेगळा, सिंगलचा वेगळा, आणि तो बदल काउंटरवर बसून, गिऱ्हाईकाला चादरी उलगडून दाखवता दाखवता मोबाईलवर करता यायला पाहिजे. तिथं जे अडलं ते डेमोत कितीही देखणं दिसू दे, दुकानदाराच्या उपयोगाचं नाही.

ड्रीमविव्हर ह्या साईट बनवायच्या जुन्या सॉफ्टवेअरचं एका ओळीत सांगते, कारण पुतण्या क्लासला तेच शिकून आला होता आणि त्याचा लई आग्रह होता. १९९७ ला मॅक्रोमीडियानं काढलेलं, २००५ ला कंपनीच अडोबीनं घेतली, कोड लिहिणाऱ्याला आजही चालेल, पण चादरीचा रेट बदलायला फाईल उघडा, एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये, आकडा शोधा, एफटीपीनं फाईल साईटवर चढवा, हे दुकानात कोण करणार.

विक्स पहिल्याच संध्याकाळी आवडतं, खोटं कशाला बोलू. माऊसनं उचलायचं, पाहिजे तिथं ठेवायचं, फोटो तिरका लावायचा तर तिरका. पण ह्या मोकळेपणाचा हिशोब मोबाईलच्या पानावर चुकता करावा लागतो, तिथली मांडणी वेगळी नीट करावी लागते, आणि आमची निम्म्याहून जास्त गिऱ्हाईकं मोबाईलवरचीच. फुकट प्लॅनला वर त्यांची जाहिरात आणि पत्ता पण त्यांच्याच नावाचा, त्यामुळं दुकानासाठी पैसे भरूनच घ्यावं लागतं. एकदा निवडलेलं टेम्प्लेट नंतर बदलता येत नाही, नवीन पाहिजे तर नवी साईट मांडा. आणि सोडून जायचं म्हटलं तर प्रॉडक्टची यादी सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाईल) मिळते, पानं आणि डिझाईन मात्र तिथंच राहतात, दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे साईट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, उचलून नेता येत नाहीत. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण कंपनीनं सोय बंद केली तर आपल्या हातात काही राहत नाही. गुगल बिझनेस प्रोफाईलवर (गुगल मॅपवर दुकान दिसतं ती नोंद) फुकट साईट मिळायच्या आठवतंय ना, गुगलनं मार्च २०२४ मध्ये ती सोयच बंद केली, ज्यांची तेवढी एकच साईट होती ते सगळे पुन्हा पहिल्यापासून. ब्युटी पार्लर, क्लास, मंगल कार्यालय असं चार पानांचं काम असेल, महिनोन्महिने काही बदलायचं नसेल, तर विक्स बिनधास्त घ्या. तेवढ्याला तर गुगल साईट्सपण पुरतं, फुकट आहे, पण त्यात दुकान मांडायची सोय नाही.

रेट बदलायच्या माझ्या परीक्षेत खरं तर शॉपिफाय पहिलं आलं. ॲप उघडलं, चादर शोधली, आकडा बदलला, झालं. सर्व्हर, अपडेट, बॅकअप काही बघायचं नाही. पण दर महिन्याला भाडं चालू, आणि त्यांचं स्वतःचं पेमेंट भारतात नसल्यामुळं आपण दुसरं गेटवे, म्हणजे ऑनलाईन पैसे घ्यायची सोय, लावतो, तर बेसिक प्लॅनवर गेटवेच्या कमिशनशिवाय शॉपिफायचे वर २ टक्के. टॉवेलवर मार्जिन किती असतं ते धंद्यातल्यांना सांगायला नको. शिवाय आमच्याकडं आहेराच्या टॉवेल-टोपीची ऑर्डर कार्टमधनं येतच नाही. माणूस साईटवर डिझाईन बघतो, व्हॉट्सअ‍ॅपला विचारतो, "दोनशे नग घेतले तर कसं लावताय?" भाव बोलून ठरतो. म्हणजे ज्या चेकआऊटसाठी पैसे भरायचे तेच आम्हाला लागत नाही, लागते ती व्हॉट्सअ‍ॅपची बटण, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एका लिंकनं होते. पॅकेट करून देशभर कुरिअर करणाऱ्यानं मात्र शॉपिफायच बघावं, तिथं मी वर्डप्रेसचा हट्ट धरणार नाही.

आता मराठीचं. ह्याबद्दल रिव्ह्यूमध्ये कोणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. बहुतेक टेम्प्लेट इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर ठेवून बनवलेली असतात. हेडिंगला स्टाईल म्हणून अक्षरांमध्ये अंतर, म्हणजे लेटर स्पेसिंग दिलेलं असतं. इंग्रजीत छान दिसतं, आपल्याकडं शिरोरेषाच तुटते. "सोलापुरी चादर" असं टाकलं की प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी फळी, कपड्याच्या दोरीवरचे चिमटे जणू. दुसरं म्हणजे ओळीची उंची कमी असते, मग वरच्या वेलांट्या आणि अनुस्वार कापले जातात आणि खालचा उकार पुढच्या ओळीला घासतो. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी ट्रायलमध्ये मोठ्या हेडिंगमध्ये अनुस्वार, रफार, उकार असलेलं काहीतरी टाईप करून मोबाईलवर बघा. स्पेसिंग शून्य आणि ओळीची उंची दीडपट करता आली तर पुढं जा, ती सेटिंगच नसेल तर सोडून द्या. फॉन्ट मुक्ता किंवा बलू घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि मराठी-इंग्रजी शेजारी शेजारी बरे दिसतात. आणि प्रेसवाल्याकडनं कॅटलॉगचा मजकूर घेताना युनिकोडमध्येच (सगळीकडं सारखीच दिसणारी टायपिंगची पद्धत) मागा, जुन्या फॉन्टमधला मजकूर साईटवर चिकटवला की नुसती चिन्हांची खिचडी होते, ह्यात सॉफ्टवेअरचा काही दोष नाही.

वर्डप्रेस २००३ पासून आहे, फुकट आहे, आणि सगळी साईट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येते. वर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगिन, म्हणजे जोडून घ्यायची सोय, टाकलं की दुकान तयार. मला जिंकलं ते दोन बारीक गोष्टींनी. एक, दुकानातल्या पोराला "शॉप मॅनेजर" म्हणून लॉगिन देता येतं, तो रेट आणि ऑर्डर बघतो पण थीमला, म्हणजे साईटच्या रूपाला, आणि प्लगिनला हात लावू शकत नाही, आणि त्याच्या एकट्याच्या लॉगिनला मराठी भाषा लावता येते, माझं इंग्रजीच राहतं. दुसरं, एकाच चादरीचे साईज-रंग व्हेरिएशन म्हणून टाकले की सगळ्यांचा रेट एका फटक्यात टक्क्यानं वाढवता येतो. आप्पा, म्हणजे आमचे सासरे, कधी नव्हे ते कॉम्प्युटरकडं बघून "हे बरंय" म्हणाले ते ह्याच्यावर.

त्रास पण आहे, फुकटची गाय दूध देते पण शेण आपल्यालाच काढावं लागतं. अपडेट आपणच करायचे. एका प्लगिनच्या अपडेटनंतर ऐन सीझनला साईट पांढरीफट्ट झाली होती, बॅकअप गुगल ड्राईव्हला होता म्हणून संध्याकाळपर्यंत परत उभी राहिली. बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लस ह्या प्लगिनची फुकट आवृत्ती पुरते. होस्टिंगच्या जाहिरातीतला रेट पहिल्या मुदतीचा असतो, रिन्युअलचा आकडा बारीक अक्षरात असतो तो आधी वाचा. पानं माऊसनं मांडायचं एलिमेंटर प्लगिन लावून बघितलं, दिसायला झकास, पण पान जड होतं आणि त्याचा फुकट भाग कुठं संपतो ते काम अर्धं झाल्यावर कळतं. २०१८ पासून वर्डप्रेसमध्येच ब्लॉक एडिटर (तुकड्या-तुकड्यानं पान मांडायची सोय) आहे, साध्या दुकानाला तेवढं बास. पंढरपूर-बार्शीकडच्या खेड्यातनं माणूस साध्या फोनवर बघतोय, त्याच्यापुढं चादर लवकर उघडली पाहिजे, ॲनिमेशन नको.

फोटोला मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरकडं औषध नाही. ट्यूबलाईटखाली काढलेली मरून चादर विटकरी दिसते आणि मग "रंग वेगळा आला" म्हणून फोन. आम्ही आता गच्चीवर सावलीत काढतो, १२०० पिक्सेलवर आणून वेबपीमध्ये (फोटोची हलकी फाईल) सेव्ह करतो, आणि विणकाम बारीक असेल तर एक फोटो अगदी जवळनं, कारण मोठा फोटो लहान केला की मोराच्या डिझाईनवर नसलेले पट्टे उमटतात. ऑनलाईन पेमेंट अजून लावलेलं नाही, क्यूआर व्हॉट्सअ‍ॅपला पाठवून भागतंय. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, आधी कार्ट चालू करू असं मी म्हणतेय, आप्पा म्हणतात आधी दिवाळीचा माल फोटोसकट चढव.