स्मार्टवॉच, साधं घड्याळ का बीपीची मशीन? गावात राहणाऱ्यानं काय घ्यावं

कापसाचे चुकारे हातात आले अन् लग्नसराई लागली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न हमखास सुरू होतो, "दादा, स्मार्टवॉच घेऊ का, अन् घेतलं तर कोणतं?" विचारणारे तीन प्रकारचे असतात. एक तो, जो दिवसभर वावरात असतो अन् ज्याचे फोन सुटतात. दुसरं भरतीची तयारी करणारं पोट्टं. अन् तिसरा तो, जो म्हणतो "माह्या बाबासाठी पाह्यजे, त्यात बीपी दिसते म्हणे". तिघांचं उत्तर वेगवेगळं आहे, आणि तिसऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. ते काहून, हे खाली नीट सांगतो, कारण त्यात पैशाचा नाही तर तब्येतीचा प्रश्न आहे.

आधी बाजारात काय मिळते ते. हजार-बाराशेपासून तीन हजारापर्यंत नॉइज, बोट, फायर-बोल्ट वगैरे आपल्या इकडच्या कंपन्यांची घड्याळं, गावात नव्वद टक्के हीच दिसतात असं म्हणायला हरकत नाही. त्याच्या वर आठ-दहा हजारात अमेझफिटसारखी, ज्यात स्वतःचं जीपीएस असते अन् बॅटरी आठवडा-दहा दिवस जाते. पंचवीस-तीस हजाराच्या वर सॅमसंग अन् ॲपल, त्यातही ॲपलचं घड्याळ फक्त आयफोनसोबतच चालते, अँड्रॉइडवाल्यानं त्याचा विचारच करू नये. अन् आठवडी बाजारात पाचशे-आठशेला ॲपलची नक्कल केलेलं नारिंगी पट्ट्याचं "अल्ट्रा" मिळते ते, त्याला मी घड्याळातच धरत नाही. याच्या शेजारी साधं डिजिटल ठेवा, कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू, १९८९ पासून तेच मॉडेल चालू आहे, कंपनी सात वर्षांची बॅटरी सांगते अन् किंमत दीड हजाराच्या आसपास.

आता वावरातल्या माणसाचं. त्याच्यासाठी स्मार्टवॉचचा खरा उपयोग एकच आहे अन् तो म्हणजे फोन आलेला कळणं. ओलीत करताना हात चिखलात, फोन पन्नीत गुंडाळून खिशात, बाजूला इंजिन नाहीतर ट्रॅक्टरचा आवाज, अशात रिंग ऐकूच येत नाही. मनगटावर थरथर झाली की कळते, अन् महत्त्वाचा असेल तर घड्याळावरूनच दोन शब्द बोलता येते. पण हे ब्लूटूथ कॉलिंग आहे, घड्याळात सिम नसते, म्हणजे फोन जवळ पाहिजे, साधारण दहा मीटरच्या आत. फोन धुऱ्यावरच्या बाभळीला पिशवीत टांगला अन् तुम्ही पाटाच्या दुसऱ्या टोकाला गेले की संबंध तुटला. सिमवालं, म्हणजे ई-सिमचं घड्याळ घेतलं तर फोनशिवाय चालते, जिओ-एअरटेलवर ते होते, पण ते वरच्या किमतीचं अन् वावरात नेटवर्कच एक काडी असेल तर त्या पैशाचा काय फायदा.

रात्रीच्या लाईनीचा, म्हणजे वावरातल्या मोटरला रात्री येणाऱ्या विजेचा, मुद्दा मात्र खरंच वजनदार आहे. ज्यांच्या मोटरला मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटर चालू-बंद करायचा डबा) आहे त्यांना लाईन आली की स्टार्टरचा कॉल नाहीतर मेसेज येते, रात्री दीड-दोनला फोन वाजला की घर उठते, लेकरू रडते, अन् सायलेंटवर ठेवला तर लाईन हुकते. मनगटावरचं घड्याळ फक्त तुम्हालाच उठवते. आमच्या गावात दोघा-तिघांनी निव्वळ एवढ्यासाठी दोन हजाराचं घड्याळ घेतलं अन् त्यांचं समाधान आहे, मलाही हा खर्च पटतो. एक गोष्ट करून घ्या पण, स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवायच्या नादात फोन मागं चालू असलेलं घड्याळाचं ॲप बंद करून टाकते अन् मग थरथरच होत नाही, लोक घड्याळाला शिव्या देतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपचं बॅटरीचं बंधन काढायचं, "अनरिस्ट्रिक्टेड" नाहीतर "नो रिस्ट्रिक्शन्स" असं लिहिलेलं असते. अन् घड्याळाच्या उजेडावर रात्री वावरात जायचं नाही, त्याची टॉर्च म्हणजे नुसता स्क्रीनचा पांढरा उजेड, पायाखालचं जनावर त्यात दिसत नाही, हातातली मोठी बॅटरी लागतेच.

मराठीचं विसरू नका. कित्येक स्वस्त घड्याळांत देवनागरी अक्षरं उमटत नाहीत, व्हॉट्सॲपवर मार्केटचा भाव आला की नुसते चौकोन चौकोन दिसतात. काहींत हिंदी चालते असं डब्यावर लिहिलेलं असते, त्यात मराठीही बहुतेक दिसते, पण दुकानात उभ्या उभ्या स्वतःला एक मराठी मेसेज पाठवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

ऊन अन् पाणी. ॲपल कंपनी स्वतः सांगते की त्यांचं घड्याळ ० ते ३५ अंशात वापरा. आपल्या इकडे मार्चमध्येच पारा त्याच्या वर जाते, मे महिन्यात ४५ च्या घरात. बाकीच्यांची लिथियम बॅटरीही त्याच जातीची, उष्णतेनं ती लवकर म्हातारी होते, म्हणून पहिल्या वर्षी पाच दिवस चालणारं घड्याळ दुसऱ्या उन्हाळ्यानंतर दोन दिवसांवर आलं तर नवल नाही. भर उन्हात स्क्रीन दिसणं हाही मोठा फरक आहे, स्वस्त घड्याळाचा साधा डिस्प्ले दुपारी बारा वाजता काळा आरसा होऊन जातो, अमोलेड, म्हणजे जास्त उजेडाचा डिस्प्ले, थोडा बरा, अन् साध्या कॅसिओचे काळे आकडे मात्र ऊन जितकं जास्त तितके स्वच्छ दिसतात, त्याचं चार्जिंगही नाही. पाण्याचं म्हणाल तर आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, अन् ५ एटीएम म्हणजे पन्नास मीटरच्या दाबाइतकं, विहिरीत पोहायचं असेल तर ५ एटीएमवालं पाहा. पण ही सगळी चाचणी स्वच्छ पाण्यातली असते, साबण, गरम वाफ, घामाचं मीठ याचा हिशेब त्यात नाही.

अन् फवारणीला जाताना घड्याळ कोणतंही असो, घरी काढून ठेवा. औषध पट्ट्याखाली जाऊन बसते अन् तासन् तास चामडीला लागून राहते, रबरी पट्टा तर ते धरूनच ठेवते. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं बसली हे आपण पाहिलेलं आहे, त्यामुळं हे परत परत सांगावं लागते. थ्रेशरच्या पट्ट्याजवळ काम असेल तेव्हाही तसंच, मनगटावर काहीच नको.

आता बाबासाठी घड्याळ. "त्यात बीपी दिसते, शुगर दिसते, ऑक्सिजन दिसते" हे ऐकून पोरं पुण्याहून, नागपूरहून माय-बापासाठी घड्याळ पाठवून राहिले. त्यांची माया खरी आहे, म्हणूनच नीट समजून घ्यावं. घड्याळाच्या मागं जो हिरवा दिवा लुकलुकते तो चामडीतून उजेड आत टाकते, रक्त हिरवा उजेड शोषते, दर ठोक्याला रक्त वाढलं-कमी झालं की परत येणारा उजेड बदलते, त्यावरून ठोके मोजले जातात. ठोके मोजायला ही पद्धत चांगली आहे, शांत बसलेल्या माणसाचे ठोके दोन हजाराचं घड्याळही बऱ्यापैकी सांगते. पण रक्ताचा दाब त्या उजेडात दिसत नाही. दाब मोजायला दंड दाबावा लागतो. स्वस्त घड्याळ जो बीपीचा आकडा दाखवते तो ठोक्यांवरून अन् तुम्ही ॲपमध्ये भरलेल्या वय-वजनावरून काढलेला अंदाज असते.

आठवडी बाजारात एकदा मी दुकानदारालाच म्हटलं, भाऊ, हे जरा वांग्याला बांधून दाखवा. बाजूच्या ढिगातलं भरताचं मोठं वांगं घेतलं, पट्टा आवळला, बीपीचं बटण दाबलं, हिरवा दिवा चालू झाला अन् थोड्या वेळात आकडा आला, ११८/७६. बाजूला उभे असलेले सगळे पाहत राहिले. नामी कंपनीच्या घड्याळातही कधी कधी कपड्याच्या गुंडाळीवर ठोके उमटतात, कारण उजेड कशावरूनही परत येते, तेवढ्यावरून ते घड्याळ खोटं ठरत नाही. पण वांग्याचा बीपी जे घड्याळ बिनधास्त सांगते ते बाबाचा बीपी १८० असतानाही ११८ सांगू शकते, अन् "आज बीपी चांगला आहे" म्हणून बाबा गोळी सोडून देतील, भीती त्याची आहे.

महागड्यातलं सॅमसंग बीपी दाखवते, पण त्यातही दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीननं मोजून घड्याळाचा आकडा त्याच्याशी जुळवून घ्यावा लागते. म्हणजे मशीन घरात पाहिजेच, मग घड्याळ काहून? शुगरचं तर अजून स्पष्ट आहे, औषधं अन् तपासणीच्या मशीनींना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना सावध केलं की सुई न टोचता साखर मोजतो म्हणणारं घड्याळ किंवा अंगठी वापरू नका, अशा एकाही वस्तूला त्यांनी मंजुरी दिलेली नव्हती. ॲपलच्या घड्याळात ईसीजी आहे, भारतात ते २०१९ पासून चालू झालं, ठोक्यांची लय बिघडली तर त्याचा उपयोग होते, पण हार्ट अटॅक या घड्याळाला कळत नाही हे कंपनीच सांगते. छातीत दुखून राहिलं अन् घड्याळ सगळं ठीक दाखवून राहिलं म्हणून घरी थांबू नका, गाडी काढा नाहीतर १०८ लावा.

पडलं तर आपोआप फोन लावणारी सोय ॲपल-सॅमसंगमध्ये आहे अन् एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी ती खरंच मोलाची आहे, हे मी मान्य करतो. पण त्याला फोन जवळ पाहिजे नाहीतर ई-सिम पाहिजे, नेटवर्क पाहिजे, अन् रोज-दोन रोजाला घड्याळ चार्जिंगला लावणारं कोणीतरी घरात पाहिजे. ज्या घरात सून-नातू आहेत तिथं होईल. दोघंच म्हातारे असतील तर चार दिवसांनी ते घड्याळ बंद पडून फडताळात जाते.

म्हणून बाबासाठी पाच हजार काढलेच असतील तर माझं म्हणणं असं, दंडाला बांधायची डिजिटल बीपी मशीन दोन-अडीच हजारात चांगल्या कंपनीची येते, ती घ्या, वर मोठ्या आकड्यांचं साधं घड्याळ घ्या, अन् उरलेले पैसे त्यांच्या तपासण्यांना ठेवा. मशीन मनगटाची नाही, दंडाची, अन् पट्टा दंडाच्या मापाचा. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, खर्रा नाही, बिडी नाही, पाच मिनिटं पाठ टेकून गप बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही, एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं अन् तारीख घालून वहीत लिहायचं. आकडा वारंवार १४०/९० च्या वर जाऊन राहिला तर ती वही घेऊन डॉक्टरकडे. मशीन घ्यायला जमत नसेल तर उपकेंद्रात सिस्टर बीपी फुकट मोजून देतात, त्यासाठी कोणतंच घड्याळ लागत नाही.

भरतीच्या पोट्ट्यांचं लवकर आटपतो. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर अन् मुलींना ८०० मीटर धावायचं असते. ४०० मीटरचा ट्रॅक असला तर चार फेऱ्या, प्रत्येक फेरीचा वेळ कळला म्हणजे झालं, त्याला स्टॉपवॉचवालं साधं घड्याळ पुरते. दोन हजारवाल्या स्मार्टवॉचात बहुतेक वेळा जीपीएस फोनचंच वापरलं जाते, म्हणजे फोन खिशात घेऊनच पळा, अन् पावलांचा आकडा तर खड्ड्याच्या रोडनं मोटरसायकलवर गेलं तरी वाढत जाते. ज्याला ट्रॅकच नाही अन् जो रोज डांबरी रोडनं पळतो त्यानं ऐपत असेल तर स्वतःचं जीपीएसवालं घ्यावं, त्यात अंतर बरोबर येते. नाहीतर त्या आठ-दहा हजारात चांगले बूट अन् खुराक होते. परीक्षा देणाऱ्यांनी हेही धरून चाला की स्मार्टवॉच हॉलमध्ये जाऊ देत नाहीत, डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेला तर कोणतंच घड्याळ चालत नाही.

चार्जर अन् सर्व्हिस हा सगळ्यात त्रासाचा भाग, अन् घेताना कोणी विचारतच नाही. प्रत्येक घड्याळाचा चुंबकाचा चार्जर वेगळा, कुठं दोन पिना, कुठं चार, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लेकरानं हरवला नाहीतर उंदरानं वायर कुरतडली की तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही. चार्ज करताना जुना साधा पाच व्होल्टचा अडॅप्टर वापरा, फोनचा फास्ट चार्जर नको. वॉरंटी बहुतेक एक वर्षाची, पण सर्व्हिस सेंटर नागपूर नाहीतर अमरावतीला. माझ्या चुलतभावाचं घड्याळ वॉरंटीत असताना बंद पडलं, कुरिअरनं पाठवायला सांगितलं, मग बिलाचा फोटो मागितला, मग डबा मागितला, महिना गेला तरी घड्याळ तिकडंच. दोन हजाराच्या वस्तूसाठी दोनदा नागपूरला जायचं म्हटलं तर भाडं अन् बुडालेली मजुरी धरून वस्तूचीच किंमत निघून जाते. साध्या घड्याळाचा सेल मात्र तालुक्याच्या बस स्टँडसमोर बदलून मिळते.

तर ज्याला वावरात फोन सुटण्याचा नाहीतर रात्रीच्या लाईनीचा त्रास आहे त्यानं दोन-अडीच हजाराचं घ्यावं, त्याच्या वर नाही. दुकानात स्वतःचा फोन घेऊन जा, तिथंच जोडून पाहा, दुकानाबाहेर उन्हात येऊन स्क्रीन वाचता येते का पाहा, बाजूच्याला फोन लावायला सांगून थरथर जोरात होते का पाहा, शर्टाच्या बाहीवरून नाही, चामडीवर. डब्यावर बीआयएसचा, म्हणजे मालाचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, आर-नंबर आहे का पाहा, बाजारातल्या "अल्ट्रा"च्या डब्यावर तो बहुतेक नसते, बीआयएस केअर ॲपमध्ये नंबर टाकून तपासताही येते. बिल जीएसटीचं पक्कं, त्यावर मॉडेलचं नाव लिहून घ्यायचं. अन् त्याच दुकानात त्या मॉडेलचा सुटा चार्जर मिळते का विचारा, मिळत असेल तर दीडशे-दोनशे रुपये जास्त देऊन लगेच एक घेऊन ठेवा, मिळत नसेल तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.