थॉरचा ‘प्रे’ खंड काही महिन्यांनंतर: साठ सेकंदांचा नियम गेला आणि डॉक्टर ब्लेकही गेला

डॉनी केट्स यांनी लिहिलेल्या आणि मुख्यतः निक क्लाइन यांनी चितारलेल्या ‘थॉर’ या मार्वल कॉमिक्सच्या चित्रकथा-मालिकेचा ‘प्रे’ हा दुसरा खंड मी काही महिन्यांपूर्वी ऑनलाइन मागवला, आणि तो उजवा कोपरा पार चेपलेल्या अवस्थेत घरी आला. विक्रेत्याने छायाचित्रे मागितली, पाठवल्यावर तीच पुन्हा मागितली, आणि शेवटी पुस्तक ‘वाचण्यायोग्य’ असल्याने बदलून मिळणार नाही असे कळवले. वाचण्यायोग्यच आहे तर वाचूनच पैसे वसूल करू, या हट्टाने मी ते अनेकदा वाचले. सोबतीला १९६२ पासूनच्या मूळ कथांचे, ‘एपिक कलेक्शन’ मालेतील पहिले जाडजूड संकलनही काढले, जे अर्धे वाचून कपाटात पडलेले होते. थॉर हा नॉर्स पुराणांतून आलेला मेघगर्जनेचा देव आणि हातोडा हे त्याचे शस्त्र, याहून अधिक येथे सांगत बसत नाही. हा अनुभव त्याच्या मर्त्य रूपाविषयी, म्हणजे लंगड्या डॉक्टर डोनाल्ड ब्लेकविषयी आहे, कारण ‘प्रे’ची विक्री त्याच्याच नावावर होते.

पहिल्या वाचनात मी पुस्तकावर खूश होतो. राजेपणाच्या ओझ्याने थकलेला थॉर हातोडा आपटून बऱ्याच काळानंतर ब्लेकला बाहेर येऊ देतो आणि स्वतः ब्लेकच्या जागी जातो. थॉर जगात वावरत असताना ब्लेक कुठे असतो, हा वाचकांचा जुना प्रश्न केट्स यांनी नेमका पकडला आहे. त्यांचे उत्तर असे की ओडिनने, म्हणजे थॉरच्या पित्याने, ब्लेकसाठी एक गोड, निर्मळ, पण संपूर्ण खोटे जग उभारून ठेवले होते. ते खोटे असल्याचे ब्लेकला कळले आणि त्याचे डोके फिरले. मग तो थॉरची शक्ती ज्यांनी कधी ना कधी धारण केली त्यांच्या मागे लागतो. परग्रहवासी बीटा रे बिल, एकेकाळची ब्लेकची परिचारिका जेन फॉस्टर, इतकेच नव्हे तर बेडूकरूपी थ्रॉगसुद्धा त्याच्या तावडीतून सुटत नाही. कल्पना भेदक आहे, क्लाइन यांचे रेखाटन दमदार आहे, आणि मॅट विल्सन यांचे रंग पाहून चेपलेल्या कोपऱ्याचा मला काही काळ विसर पडला.

काटकसरी वाचकांसाठी एक हिशेब मात्र आधीच मांडतो. खंडात ७ ते १४ असे आठ अंक आहेत आणि ब्लेकची कथा नवव्या अंकापासून सुरू होते. पहिल्या दोन अंकांत अमेरिकेतील ब्रॉक्स्टन गावातल्या एका साध्या माणसाला, एरवी लायक नसलेल्या कुणालाही न उचलणारा, तो हातोडा उचलता येतो, अशी स्वतंत्र गोष्ट आहे, आणि तिची चित्रे एरन कुडर यांची आहेत. ती वाईट नाही, पण मुखपृष्ठावर ब्लेकचे आमिष दाखवून पाव पुस्तक दुसऱ्याच कथेला द्यायचे, हे मला पटलेले नाही.

माझे मत बदलू लागले ते जुने संकलन नीट वाचताना, आणि त्याला कारण ठरला साठ सेकंदांचा नियम. थॉरच्या कथा जिथे सुरू झाल्या त्या ‘जर्नी इंटू मिस्ट्री’ मासिकाच्या ८३व्या अंकापासून, म्हणजे ऑगस्ट १९६२ पासून, थॉरचा हातोडा हातातून सुटून साठ सेकंद झाली की तो पुन्हा ब्लेक होतो आणि हातोड्याची काठी होते. सुरुवातीला मला हा निव्वळ पाने भरण्याचा डाव वाटला होता. स्टॅन ली कथाबीज देत, त्यांचे धाकटे बंधू लॅरी लीबर संवाद लिहीत आणि जॅक कर्बी चित्रे काढीत. अमर्याद बळाच्या देवाला अडचणीत आणायचे कसे, हा या मंडळींपुढचा रोजचा पेच असणार, आणि घड्याळ हे त्यावरचे सर्वांत स्वस्त उत्तर होते. शनीवरून आलेल्या दगडी माणसांपासून लपलेल्या ब्लेकला नॉर्वेतील गुहेत काठी सापडते तो पहिला अंक झाला की पुढच्या कित्येक अंकांत हातोडा गळतो, अडकतो किंवा चोरीला जातो, आणि एका बैठकीत चार-पाच अंक वाचणाऱ्याला त्याचा कंटाळा येतो.

तरीही ८७व्या अंकाशी मी थबकलो. कम्युनिस्टांच्या कैदेतील थॉर साखळदंडांनी जखडलेला आहे, हातोडा दूर आहे, वेळ भरते आणि तो ब्लेक होतो. देवाच्या मनगटांच्या मापाच्या बेड्यांतून किरकोळ अंगाच्या डॉक्टरचे हात अलगद निसटतात. जी अवस्था आतापर्यंत संकट म्हणून येत होती, तीच येथे सुटका ठरते. लगेच पुढच्या ८८व्या अंकात थॉरचा कपटी भाऊ लोकी हातोड्याभोवती अभेद्य कवच उभारतो आणि बळ गमावलेल्या ब्लेकला केवळ युक्तीवर तो परत मिळवावा लागतो. या दोन अंकांनंतर मी पूर्वीचे अंक उलटे चाळत गेलो, तेव्हा लक्षात आले की ब्लेकला व्यक्ती म्हणून जी काही जागा मिळते, ती बहुधा या नियमामुळेच मिळते. साठ सेकंद संपली की कथेला त्याच्याकडे पाहावेच लागते. त्याचा पाय, त्याची भीती, परिचारिका जेनपुढे मन मोकळे करण्याची इच्छा आणि ओडिनची सक्त मनाई, हे सारे त्या सक्तीच्या फटीतून आत येते. नियम नसता तर थॉर कायम थॉरच राहिला असता आणि डॉक्टरची आठवण कुणालाच झाली नसती.

हे संकलन विकत घ्यावे का, असे विचारणाऱ्यांना एक इशारा द्यायला हवा. ८३ ते १०९ या अंकांचा दर्जा एकसारखा नाही. मधल्या काही अंकांची चित्रे कर्बी यांची नाहीत आणि संवादलेखकही बदलतात. ९७व्या अंकापासून ली स्वतः लिहू लागतात आणि १०१व्यापासून कर्बी मुख्य कथेवर कायमचे परततात, तेव्हा मालिकेला खरा जोर येतो. तोवरचे काही खलनायक वाचून हसू येते. पण ९७व्या अंकात सुरू झालेले ‘टेल्स ऑफ असगार्ड’चे (असगार्ड म्हणजे या देवांचे नगर) छोटेखानी प्रसंग एवढे देखणे आहेत की त्या पानांनी माझा अर्धा खर्च भरून काढला.

साठ सेकंदांच्या नियमाचे सामर्थ्य ज्यांना सर्वांत जास्त कळले ते लेखक-चित्रकार वॉल्टर सायमनसन, आणि त्यांनीच तो मोडीत काढला. तोवर मासिकाचे नाव ‘थॉर’ झाले होते. त्याच्या नोव्हेंबर १९८३च्या ३३७व्या अंकात बीटा रे बिलशी झुंजताना थॉरचा हातोडा दूर पडतो, वेळ भरते, थॉरचा ब्लेक होतो, आणि बिल ती बिनमहत्त्वाची दिसणारी काठी उचलून भिंतीवर आपटतो. क्षणात थॉरची सारी शक्ती त्या घोडामुख्या परक्याला मिळते. वीस वर्षे रेंगाळलेल्या क्लृप्तीतून याहून मोठा स्फोट घडवणे कठीण होते. ३४०व्या अंकात ओडिन ते परिवर्तनाचे मंत्रबळ बिलच्या नव्या हातोड्यात घालतो आणि ब्लेक नाहीसा होतो. थॉरच्या दृष्टीने हा उःशाप होता. ब्लेकचे काय झाले, हे मात्र तेव्हा कुणी फारसे विचारले नाही.

मुळात हा प्रश्न इतका टोकदार होतो तो १९६८च्या १५९व्या अंकामुळे. तिथे असा खुलासा केला आहे की उद्दाम थॉरला नम्रता शिकवण्यासाठी ओडिननेच त्याची स्मृती पुसून त्याला लंगड्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या रूपात पृथ्वीवर पाठवले होते. म्हणजे ब्लेकला थॉर सापडला नव्हता, तर ब्लेक हाच थॉरला दिलेला धडा होता. धडा पाठ झाल्यावर वहीचे पान फाडून टाकावे तसे या माणसाचे झाले. २००७ मध्ये जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की आणि चित्रकार ऑलिव्हिए कॉइपेल यांनी थॉरला परत आणताना ब्लेकलाच त्याच्याशी बोलते केले आणि दोघांना वेगवेगळे अस्तित्व दिले. ते मला आजवरचे सर्वांत समंजस उत्तर वाटते, कारण त्यात ब्लेकला स्वतःचे म्हणणे आहे आणि ते ऐकून घेणाराही आहे.

एवढे वाचून मी ‘प्रे’कडे परत गेलो, तेव्हा पहिला आनंद बराच ओसरला होता. ब्लेकची तक्रार शंभर टक्के रास्त आहे आणि ती मांडण्याचे धैर्य केट्स यांनी दाखवले, याचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे. पण तक्रार मांडून होताच ते ब्लेकला सुरे परजणारा, दात विचकणारा मारेकरी बनवतात, आणि अशा माणसाचे म्हणणे गंभीरपणे घेण्याची जबाबदारी मग कुणावरच उरत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच राक्षस ठरवले की ओडिन आपोआप स्वस्तात सुटतो. शिवाय येथे साठ सेकंदांचा नियम कुठेच कामाला येत नाही. थॉर आपल्या इच्छेने जागा बदलतो आणि मग अडकतो, त्यामुळे दोघांमध्ये ओढाताण होत नाही, फक्त अदलाबदल होते. देवाच्या हातातून शस्त्र सुटले आहे, पन्नास सेकंद झाली आहेत आणि आत कोंडलेला डॉक्टर उरलेल्या दहांची वाट पाहतो आहे, अशी एक चौकट जरी काढली असती तरी सहा अंकांतल्या रक्तपातापेक्षा ती अधिक भेदक झाली असती. एका तांत्रिक नियमाला मी अवाजवी महत्त्व देतो आहे असे कुणाला वाटेल, आणि तसे वाटण्यास माझी हरकत नाही.

शेवट उघड करत नाही. लोकीच्या वाट्याची खेळी चतुर आहे आणि नॉर्स पुराणकथा जाणणाऱ्याला ती लगेच ओळखू येईल, एवढेच सांगतो. त्या अखेरच्या पानांवरील क्लाइन यांचे काम मला आता पहिल्या वाचनापेक्षाही जास्त आवडते.

खरेदीपुरते सांगायचे तर ‘प्रे’ पूर्ण किमतीत घेऊ नये. सवलतीत मिळाला तर घ्यावा, आणि पहिले दोन अंक नंतरसाठी ठेवून थेट नवव्यापासून सुरुवात करावी. ज्यांना ब्लेकविषयी खरी उत्सुकता आहे त्यांनी आधी स्ट्रॅझिन्स्की–कॉइपेल यांचे अंक मिळवावेत. मूळ संकलन जाड आहे, महाग आहे आणि सलग वाचवत नाही, तरी मी ते कुणाला देणार नाही. ‘प्रे’ मात्र एका मित्राने मागितला आहे, आणि कोपरा आधीच चेपलेला असल्याने तो द्यायला जीव फारसा कचरत नाही.