रेस हॅचबॅकवरची मागची विंग: आठ महिने वापरल्यानंतर

गाडी पुढच्या चाकांना ताकद देणारी हॅचबॅक आहे. आतून पूर्ण रिकामी केलेली, रोल केज (चालकाला वाचवणारी नळ्यांची चौकट) बसवलेली, वजन साधारण ९५० किलो, इंजिन दीडशे हॉर्सपॉवरच्या आसपास. मी हौशी रेसमध्ये ती स्वतः चालवते आणि पिटमधलं बरंचसं काम धाकटा भाऊ बघतो. गेल्या आठ महिन्यांत या गाडीवर दोन विंगा लावून झाल्या. पहिली अडीच महिन्यांत उतरवली, दुसरी अजून गाडीवर आहे आणि ती मी आता काढणार नाही.

पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीला मागची विंग कशाला, हा प्रश्न मला पिटमध्ये इतक्यांनी विचारला की त्याचं उत्तर आधी देते. अशी गाडी हळू वळणांत नाक आत घालायला तयार नसते. तिला वळवायचं तर मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा, कडक ठेवावा लागतो, म्हणजे मागची बाजू थोडी सैल होते आणि गाडी फिरते. ताशी ७० किमी वेगाला हा सैलपणा हवाहवासा वाटतो. पण तीच गाडी चौथ्या गिअरमध्ये, १५० ला, लांब उजव्या वळणात शिरली की तो सैलपणा अंगावर येतो. तिथे अॅक्सिलरेटरवरून पाय जरासा उचलला तरी मागची चाकं बाहेर निघायची. मी त्या वळणाला प्रत्येक लॅपमध्ये गरजेपेक्षा आधी पाय उचलत होते. बार मऊ केला तर ते वळण सुधारायचं आणि बाकीची पाच बिघडायची. वेगात काम करणारी आणि हळू वळणात गप्प बसणारी एखादी गोष्ट हवी होती. विंग नेमकी तशी असते, कारण तिचा गाडी खाली दाबणारा जोर, म्हणजे डाउनफोर्स, वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग निम्मा झाला की जोर एक चतुर्थांश.

हे मला माहीत होतं, तरी पहिली विंग मी आकडा बघून घेतली. दोन पात्यांची होती, लांबरुंद, आणि माहितीपत्रकात तिचा डाउनफोर्स २५० किमी वेगाला दिलेला होता. माझी गाडी सरळ रस्त्याच्या शेवटी १९० च्या पुढे जात नाही. उदाहरणार्थ, २५० ला १५० किलो देणारी कोणतीही विंग १६० ला जेमतेम ६१ किलो देते, हा हिशेब घरी बसून एका मिनिटात होतो. विंग बघत असाल तर आधी आपल्या सर्किटवरच्या सगळ्यात वेगवान वळणाचा वेग लिहून काढा आणि माहितीपत्रकातला आकडा त्या वेगाला आणा. कोणत्या कोनाला आणि कोणत्या वेगाला मोजलं हेच लिहिलेलं नसेल तर तो आकडा बाजूला ठेवा.

गंमत म्हणजे त्या विंगेचा जोर कमी पडला नाही, जास्तच झाला. मागची बाजू खांबासारखी स्थिर झाली आणि पुढची चाकं ऐकेनात. वेगवान वळणात स्टिअरिंग फिरवत राहायचं आणि गाडी बाहेरच्या कडेकडे सरकत राहायची. सरळ रस्त्याच्या शेवटी वेग ६ किमीने घटला. लॅपचा वेळ विंग नसतानाच्या वेळेइतकाच आला. एका ठिकाणी मिळवलेलं दुसऱ्या दोन ठिकाणी गेलं.

पुढची चाकं का ऐकत नव्हती, हे मला कागदावर तरफेचं चित्र काढल्यावर कळलं. सध्याच्या विंगेचेच आकडे देते. लांबी दीड मीटर, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत २५० मिमी. १६० च्या वेगाला, लिफ्ट कोएफिशंट (पात्याच्या आकारावर आणि कोनावर ठरणारा जोराचा गुणांक) १.२ धरला तर तिचा जोर सुमारे ५४ किलो. ही विंग मागच्या अॅक्सलच्या ८०० मिमी मागे आहे आणि गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर, २४५० मिमी. म्हणजे मागच्या अॅक्सलवर टेकवलेला सी-सॉ. ५४ किलो मागच्या टोकाला दाबले की पुढच्या चाकांवरून साडेसतरा किलो उचलले जातात. त्यात विंगेचा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, जमिनीपासून १४०० मिमी उंचीवर गाडीला मागे ओढतो, तोही पुढून अडीच-पावणेतीन किलो कमी करतो. हिशेब असा होतो: मागे सुमारे ७४ किलो वाढले, पुढे २० किलो घटले. पहिल्या विंगेचा जोर याच्या दुप्पट आणि ड्रॅग चौपट होता. पुढून किती वजन उचललं जात असेल याचा अंदाज करा, तेही ज्या चाकांनी वळायचं आणि गाडी ओढायची त्याच चाकांवरून.

म्हणून दुसरी विंग निवडताना मी प्रश्नच बदलला. किती डाउनफोर्स, हे विचारायचं सोडलं. पुढे मी किती परत मिळवू शकते, हे आधी बघितलं. पुढे १२ मिमी प्लायवुडचा स्प्लिटर, म्हणजे बंपरखालून पुढे येणारी आणि पुढची बाजू दाबणारी आडवी फळी, बसवला, बंपरच्या कडेबाहेर नियमात बसेल इतकाच, आणि तो वरून बॉडीला रॉडने ताणून धरला. स्प्लिटर नसेल तर मागे मोठी विंग लावू नका, हे मी ठामपणे सांगते. निदान पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीला तरी नाही.

दुसरी विंग एका पात्याची, कार्बनची, आत फोम. आमच्या क्लासमध्ये विंगेची टोकं बॉडीच्या बाहेर येऊन चालत नाहीत, म्हणून लांबी दीड मीटरच. तेवढ्या लांबीत रुंद पातं घेण्यापेक्षा मी अरुंद घेतलं, कारण लांब आणि अरुंद पात्याला त्याच जोरासाठी ड्रॅग कमी पडतो. टोकांना हवा वरच्या दाबाकडून खालच्या पोकळीकडे वळसा घालून येते आणि भोवरे तयार होतात. टोकं जितकी एकमेकांपासून लांब, तितका त्यांचा त्रास कमी. एंडप्लेट, म्हणजे टोकांवरच्या उभ्या पट्ट्या, याच कारणासाठी असतात. हिशेबाने १६० ला या विंगेचा ड्रॅग पाच किलोच्या आत, म्हणजे तीन हॉर्सपॉवरच्या आसपास येतो. सरळ रस्त्याच्या शेवटी माझ्या डेटा लॉगरवर २ किमीचा फरक दिसला.

ब्रॅकेट वरून धरणारे, हंसाच्या मानेसारखे वाकलेले. विंगेचं मुख्य काम तिच्या खालच्या बाजूला होतं, तिथे हवा वेगाने जाते आणि दाब घटतो. खालून ब्रॅकेट लावले की नेमकी तीच जागा अडते. हे दिसायला छान म्हणून घेतलेलं नाही.

आता उंची. हॅचबॅकवाल्यांनी हा भाग नीट वाचावा. सेडानची हवा निदान मागच्या काचेवरून थोडी तरी उतरते. हॅचबॅकचं छप्पर एकदम संपतं आणि मागे हवेचा गोंधळ माजतो. पहिल्यांदा मी विंग छपराच्या कडेपेक्षा थोडी खाली बसवली होती. मग विंगेच्या खालच्या बाजूला लोकरीचे बोटभर धागे रांगेने चिकटवले, मागच्या बंपरवर छोटा कॅमेरा वर तोंड करून लावला आणि चार लॅप मारल्या. भावाने लॅपटॉपवर बघून हाक मारली, "ताई, इकडे ये, मधले धागे बघ." टोकांकडचे धागे सरळ मागे ताणलेले होते. मधल्या अर्ध्या मीटरमधले फडफडत होते, काही तर उलटे पुढे वळत होते. म्हणजे विंगेचा मधला तिसरा भाग कामच करत नव्हता.

कारण असं, की छपरावरून येणारी हवा मध्यभागी तिरकी खाली उतरते आणि टोकांकडे जवळपास सरळ येते. त्यामुळे जमिनीला धरून मोजलेला ८ अंशांचा कोन टोकांना ८ असतो, पण मध्ये हवेच्या दृष्टीने त्याहून बराच जास्त. मधला भाग आधी स्टॉल होतो, म्हणजे हवा पात्यापासून सुटते आणि जोर घटतो. मध्यभागी पीळ दिलेल्या विंगा मिळतात त्या यासाठीच. पण तो पीळ एखाद्या ठरावीक छपरासाठी दिलेला असतो, आपल्या छपराला तो जुळेलच असं नाही. मी विंग १५० मिमी वर घेतली, म्हणजे छपराच्या थोडी वर, आणि कोन ५ अंशांवर आणला. धागे सगळे सरळ झाले. कोन कमी करूनही त्या वळणात मागची पकड वाढली. माझ्या आठ महिन्यांतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी प्रयोग हाच. लोकर आणि चिकटपट्टी एवढंच लागतं.

कोन मोजताना गाडी रेसच्या अवस्थेत असावी: चालक बसलेला, इंधन भरलेलं, टायरचा दाब नेहमीचा. सस्पेन्शनची उंची बदलली की विंगेचा कोनही बदलतो. मी प्रत्येक सेशनआधी डिजिटल अँगल गेज ठेवून आकडा वहीत लिहिते.

मागच्या कडेला उभी पट्टी, गर्नी फ्लॅप, मी ६ मिमीची लावली आहे. १९७१ मध्ये अमेरिकन रेसर डॅन गर्नी यांनी बॉबी अन्सर यांच्या गाडीच्या चाचणीत ही युक्ती वापरली आणि तिचं नावच तसं पडलं. पातं रुंदीला २५० मिमी असेल तर ५-६ मिमीच्या पट्टीने जोर चांगला वाढतो आणि ड्रॅग फारसा वाढत नाही. १२ मिमीचीही लावून पाहिली. सरळ रस्त्यावर लगेच जाणवली, काढून टाकली. पावसाच्या रेसला मात्र तीच परत लावते.

आता तक्रारी. पहिल्या विंगेसोबत आलेले ब्रॅकेट डिकीच्या दारावर बसवायचे होते. दाराचा पत्रा हाताने दाबला तरी वाकतो. तिसऱ्या सेशननंतर बोल्टच्या भोकापाशी पत्र्याला बारीक चीर दिसली. मी त्याच दिवशी विंग काढून गाडी विंगेशिवाय पळवली. १९६९ च्या मे महिन्यात माँटज्विकच्या स्पॅनिश ग्रां प्री या फॉर्म्युला वन रेसमध्ये ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या लोटस गाड्यांच्या उंच विंगा मोडल्या, दोन्ही गाड्या चक्काचूर झाल्या, रिंट जखमी झाले, आणि त्याच महिन्यात मोनॅकोला उंच विंगांवर बंदी आली. तिथे जगातले उत्तम इंजिनिअर होते. आपण आपल्या गॅरेजात भोकं पाडतो, तेव्हा दुप्पट काळजी घ्यायला हवी. विंग अचानक गेली तर ती बहुधा वेगात असतानाच जाते, कारण जोर तेव्हाच जास्त असतो.

दुसऱ्या विंगेचे खांब मी मागच्या बंपरच्या आतल्या बीमपर्यंत आणि चॅसिसच्या रेल्सपर्यंत नेले. बंपरला दोन फटी पाडाव्या लागल्या. १९० ला विंगेवर सुमारे ७७ किलो येतात, म्हणून विंगेच्या पूर्ण लांबीवर पसरून १५० किलोच्या वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि रात्रभर तशाच राहू दिल्या. खालच्या दिशेला ती हललीसुद्धा नाही. पण हाताने बाजूला ढकलली तर ६ मिमी अॅल्युमिनियमचे खांब डुलत होते. ते डुलणं रोखायला दोन खांबांमध्ये तिरकी तार ताणली. अॅल्युमिनियम पुन्हा पुन्हा वाकलं की कधी ना कधी चिरतंच, ताण कितीही थोडा असो, म्हणून हे वरवरचं समजू नये. सगळ्या नटांवर रंगाची रेघ ओढली आहे, रेघ सरकलेली दिसली की नट हलला.

तरी पाचव्या महिन्यात एक दोष निघालाच. ब्रॅकेटचे बोल्ट विंगेच्या आत चिकटवलेल्या थ्रेडच्या इन्सर्टमध्ये (आतून आटे असलेल्या नळकांड्यांमध्ये) बसतात. त्यातला एक इन्सर्ट फिरू लागला. बनवणाऱ्यांना फोटो पाठवले, उत्तर यायला तीन आठवडे लागले आणि त्यात "जास्त घट्ट केलं असेल" एवढंच होतं. मी टॉर्क रेंचने, त्यांनी दिलेल्याच आकड्याला घट्ट केलं होतं. शेवटी इन्सर्ट काढून, भोक साफ करून, मोठ्या कॉलरचा नवा इन्सर्ट इपॉक्सीने बसवला. तेव्हापासून चारही इन्सर्ट प्रत्येक रेसनंतर तपासते. विंग चांगली आहे, पण या एका बाबतीत मी तिला पूर्ण गुण देणार नाही.

फायदा किती? एकाच दिवशी, एकाच टायरवर, आधी विंग आणि स्प्लिटरसह, मग दोन्ही काढून, मग पुन्हा लावून अशी तीन सेशन केली. एक मिनिट चाळीसच्या लॅपमध्ये पाऊण सेकंदाचा फरक पडला, आणि तो जवळजवळ सगळा त्या उजव्या वळणात आणि त्याच्या आधीच्या ब्रेकिंगमध्ये होता. ब्रेकिंगचा फायदा मी गृहीत धरला नव्हता. १८० वरून ब्रेक मारताना मागची बाजू पूर्वी वळवळायची, ती शांत झाली. त्या खुशीत मी ब्रेक बायस (पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) मागे घेतला आणि पुढच्याच सेशनला हळू वळणाच्या तोंडाशी मागचं चाक लॉक झालं. वेग उतरतो तसा डाउनफोर्स निघून जातो, ब्रेकचा दाब मात्र तोच राहतो. बायस आता आधीच्या आणि त्या जागेच्या मधोमध आहे.

ज्यांच्या सर्किटवर सगळी वळणं ८० च्या खाली आहेत त्यांना अशा विंगेतून १३-१४ किलो मिळतील. त्यांनी आधी टायर आणि डँपरकडे (शॉक अॅब्सॉर्बरकडे) बघावं. विंगेमुळे गाडी वरच्या क्लासमध्ये ढकलली जात असेल तरीही थांबा, तिथल्या गाड्यांशी पाऊण सेकंदाने काही होत नाही.

सध्या विंग ५ अंशांवर, ६ मिमी पट्टीसह आहे. मागचा अँटी-रोल बार मी पूर्वीपेक्षा एक भोक कडक केला आहे, आणि त्या उजव्या वळणात आता पाय उचलत नाही. स्प्लिटरची डावी कड कर्बवर घासून झिजली आहे, पुढच्या रेसआधी ती बदलायची आहे. प्लायवुड कापून ठेवलं आहे.