क्युनीचा असॅप प्रोग्रॅम: फी माफीपेक्षा अ‍ॅडव्हायझर भारी

न्यूयॉर्कात ज्यांची मुलं कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांच्या डिग्रीचं कॉलेज) जाणार आहेत त्यांच्यासाठी लिहितेय, कारण असॅप, म्हणजे क्युनी या न्यूयॉर्क शहराच्या सरकारी युनिव्हर्सिटीचा मुलांना डिग्री वेळेत पूर्ण करायला मदत करणारा प्रोग्रॅम, त्याचं नाव काढलं की सगळे म्हणतात "हां, ते फ्री कॉलेजवालं ना" आणि विषय तिथेच संपतो. माझी भाची त्यात आहे, त्यामुळे कागदपत्रांपासून सगळं जवळून बघितलंय.

आधी पैशाचं. क्युनीच्या कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्या फुल टाइम मुलांची फी वर्षाला 4,800 डॉलर, आणि 2024-25 ला पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना फेडरल सरकारची, परत न करायची मदत) जास्तीत जास्त 7,395 होती. म्हणजे ज्याला पूर्ण पेल बसतं त्याची फी तशीही निघते की! असॅपची फी माफी खरी कामाला येते ती मधल्या घरांना, जिथे ग्रँट मिळते पण पुरत नाही. मग बाकीच्यांना काय मिळतं, तर सबवे-बसचं कार्ड आणि पुस्तकांना मदत. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हत्ती जातो आणि शेपूट अडकतं तसं होतं बघा, फी भरलेली असते आणि पोरगं घरी बसतं कारण महिनाअखेरीला बस-सबवेच्या तिकिटाला पैसे नाहीत.

पण माझ्या मते पैसे वसूल होतात ते अ‍ॅडव्हायझरमध्ये. नेहमीच्या सिस्टिममध्ये एकेका अ‍ॅडव्हायझरकडे शेकड्यांनी मुलं असतात, कोण कुठला आठवणार. एमडीआरसी या संशोधन संस्थेने असॅपचा अभ्यास केला तेव्हा इथे एकाकडे 60 ते 80 मुलं होती. याचा फरक कुठे पडतो सांगते. टॅप ही राज्याची ग्रँट फक्त डिग्रीला मोजल्या जाणाऱ्या कोर्सना धरते, सहज आवडला म्हणून भलताच कोर्स घेतला आणि त्यामुळे मोजणीतले क्रेडिट कमी पडले तर टॅप गेलंच. फेडरल मदतीचंही तसंच, घेतलेल्यापैकी ठरावीक हिस्सा पास व्हावा लागतो आणि डिग्रीच्या क्रेडिट्सच्या दीडपटीत सगळं संपवावं लागतं, शिवाय सेमिस्टरचा 60 टक्के काळ व्हायच्या आत सगळं सोडून दिलं तर ग्रँटचा काही भाग परत जातो आणि कॉलेजचं बिल पोराच्या नावावर चढू शकतं. हे अठरा वर्षांच्या पोराला कोण सांगणार? आईबापांना फॅफ्सा (फेडरल मदतीचा अर्ज) भरतानाच घाम फुटलेला असतो. भाचीने एक कोर्स ड्रॉप करायचं ठरवलं होतं, अ‍ॅडव्हायझरने आधी हिशोब मांडून दाखवला की यानंतर तू फुल टाइम राहणार नाहीस, मग ट्युटरकडे पाठवलं. मला म्हणाली, "मावशी, मला वाटलं नुसता एक कोर्स आहे."

आकडेही चांगलेत. 2007 ला सुरू झालेला हा प्रोग्रॅम, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या त्या अभ्यासात असॅपवाली 40 टक्के मुलं तीन वर्षांत डिग्री घेऊन बाहेर पडली, असॅप न मिळालेल्या गटातली 22. मला वाटलेलं हे न्यूयॉर्कपुरतंच असेल, पण ओहायोच्या तीन कॉलेजांत हेच मॉडेल नेलं तिथेही 35 विरुद्ध 19 आले. दर मुलामागे खर्च जास्त होतो हे खरं, पण डिग्रीमागे धरला तर न्यूयॉर्कच्या त्या अभ्यासात कमीच निघाला होता.

आता खटकलेलं. फुल टाइमची अट. ज्याला घर चालवायला दिवसभर नोकरी करावीच लागते त्याने सेमिस्टरला 12 क्रेडिट कसे काढायचे? सगळ्यात जास्त गरज त्यालाच आणि दार त्यालाच बंद, यावर काहीतरी निघायला हवं होतं एव्हाना. क्लास सलग ब्लॉकमध्ये लावायची सोय आहे, तिचा उपयोग होतो, पण रात्रपाळीवाल्याला नाही. सगळे मेजर्सही (डिग्रीचे मुख्य विषय) बसत नाहीत यात. अ‍ॅडव्हायझरच्या मीटिंगा सक्तीच्या आहेत, भाची सुरुवातीला वैतागली होती, मला मात्र सक्तीच बरी वाटते कारण ज्याची गाडी घसरलेली असते तो आपणहून कधीच जात नाही.

स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांनी यात वेळ घालवू नये, फेडरल मदत त्यांना मिळतच नाही. बाकीच्यांनी फॅफ्सा आणि टॅप दोन्ही वेळेत भरा आणि दर वर्षी नव्याने भरा, एकदा भरलं म्हणजे झालं असं नसतं. चार वर्षांची डिग्री करायची असेल तर क्युनीच्याच काही सीनियर कॉलेजांत एस नावाचा असाच प्रोग्रॅम आहे, अ‍ॅडमिशनच्या वेळीच विचारून ठेवा. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो फुल टाइमच्या अटीचा.