जेलच्या गेटसमोरचं ऑनलाइनचं दुकान : साडेतीन स्टार

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा मुलगा सात महिने झाले आत आहे, मोबाइल चोरीची केस, पहिलीच. त्यांच्यासोबत तीनदा जेलवर गेलो. कुठलं जेल ते लिहीत नाही, पण गेटसमोर जे फॉर्म भरायचं दुकान आहे त्याचा हा रिव्ह्यू. (पुण्याच्या आत्याला फोनवर म्हटलं मुलाकातीला गेलो होतो, तर म्हणे कुठल्या कंपनीत? आमचं इंदूरी मराठी, काय करणार.)

काम काय तर ई-मुलाकातची, म्हणजे कैद्याला भेटायची ऑनलाइन नोंदणी. साइट सरकारी, फुकट, घरूनही होते, पण कैद्याचं नाव, बापाचं नाव, आधार, ओटीपी, आणि मावशींचा रिचार्ज संपलेला. दुकानवाला 50 रुपये घेतो आणि व्हिडिओवाली मुलाकात मंजूर झाली की आयडी-पिन जाड स्केचपेनने कागदावर लिहून देतो, हे मला फार आवडलं. आत मोबाइल नेता येत नाही म्हणून त्याने भिंतीवर चपला ठेवायचा कापडी कप्प्यांचा पडदा टांगलाय, एका कप्प्यात एक मोबाइल, 10 रुपये, बिल्ला घ्या.

गर्दी मात्र बाप रे. मी घरी येऊन आकडे बघितले, 2022 च्या एनसीआरबीत (सरकारी गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात) देशभरच्या जेलांत 4,36,266 जागांत 5,73,220 माणसं, त्यात 75.8 टक्के विचाराधीन, म्हणजे सजा झालेलीच नाही. आपलं एमपी, म्हणजे मध्य प्रदेश, तर दीडपटीच्याही वर. मुलगा आईला म्हणाला रात्री एकाने कूस बदलली की अख्ख्या ओळीला बदलावी लागते. मावशी बाहेर येऊन हसत हसत सांगत होत्या आणि मग एकदम गप्प झाल्या.

जामीन मंजूर होऊन दोन महिने झालेत हो! अडलंय जामीनदारावर. मावशींचा भाऊ तयार आहे पण त्याची जमीन खंडव्याला, आणि वकील म्हणतो लोकल माणूस आणा. आता 1978 मध्ये याच एमपीतल्या मोतीराम नावाच्या गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, 10,000 चा जामीन, भाऊ उभा राहिला तर मॅजिस्ट्रेट म्हणे मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली, चालणार नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी तेव्हाच झापलं होतं. वकिलाला हे सांगितलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच आरोपी.

दुकानात कलम 479 चा हिंदी प्रिंटआउट चिकटवलाय, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यातलं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), पहिलाच गुन्हा असेल तर जास्तीत जास्त सजेचा तिसरा हिस्सा आत काढला की बाँडवर सुटका, अर्ज जेल सुपरिंटेंडेंटने करायचा. जन्मठेप-फाशीवाल्या गुन्ह्यांना नाही, आणि एकाहून जास्त केसेस असतील तरी नाही. साध्या चोरीला 3 वर्षं म्हणजे हिशेब 1 वर्षाचा. दुकानवाला म्हणाला, "भिया, पाँच महीने और, तारीख लिख के रख लो." मावशींनी त्याच पिनच्या कागदामागे लिहून घेतली.

दीड स्टार कापला कारण बसायला बाक नाही, म्हाताऱ्या बायका उन्हात उभ्या, आणि प्रिंटर दोनदा अडकला तरी पैसे पूर्ण घेतले. आणखी एक, फोन सायलेंटवर टाकूनच द्या. सगळे आत गेले की त्या पडद्यातले चाळीसएक फोन आलटून पालटून वाजत असतात.